एकाच गंजातलं जेवण

ताई,

परवा तुमची तेरवी झाली. पंगत बसली होती आणि मी वाढत होते. वांग्याची भाजी तुमच्या हातची नव्हती, पण बरी झाली होती. तिसऱ्या पंगतीत तुमच्या माहेरकडची एक म्हातारी रस्सा भुरकता भुरकता म्हणाली, "कुसुम तिखट लई खाये ना वो. आतडं जळलं पोरीचं." शेजारचीनं मान हलवली, "हाव नं. अन् शिळंपाकं किती खाये." मग दोघींनी आणखी रस्सा मागितला. मी वाढला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "घ्या मावशी, अजून घ्या, तुमचं आतडं पक्कं आहे." आणि पदरात तोंड घालून हसला असता. मला हसू आलं नाही. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, भांडी घासून पालथी घातली, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते तिखट मीही खाल्लं होतं. त्याच चुलीवरचं, त्याच गंजात शिजलेलं, तुमच्याच हातानं वाढलेलं. आपण जावा जावा, पण जाऊबाई असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, पहिल्या दिवसापासून ताईच म्हटलं. लोक विचारायचे, सख्ख्या बहिणी का? तुम्ही सांगायच्या, "बहिणी नाई, एका गंजातल्या आहो."

मग एका गंजातल्या दोघींपैकी एकीलाच हे का झालं, ताई? तुम्ही होता तोवर हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आणि उत्तर शोधायची पाळी माझी असायची. आता विचारायलाही मीच उरले.

मी लग्न होऊन आपल्या गावात आले तेव्हा मला भाकर थापता येत नव्हती. यवतमाळात वाढलेली, पोळ्यांची सवय. पहिली भाकर परातीतून उचलली आणि तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे झाले. सासूबाई बघत होत्या. तुम्ही झटकन ते तुकडे गोळा केले आणि म्हणालात, "राहू दे, गाईले देऊ. गाय नावं ठेवत नाई." मग माझ्या मागे बसून, माझ्या हातांवर हात ठेवून पुढची भाकर थापलीत. तेव्हा आपल्या वावरात ज्वारी होती. सकाळी भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक. रविवारी घाटंजीच्या बाजारातून मटण यायचं, तेही सगळ्यांना पुरेल एवढं नसायचं.

मग ज्वारी गेली. रानडुकरं एका फेरीत अर्धं वावर आडवं करायची आणि उरलेल्या कणसांवर पाखरं बसायची. राखण करायला माणूस मिळेना. मोठ्या भाऊजींनी, म्हणजे तुमच्या घरच्यांनी, सगळीकडे कापूस, सोयाबीन आणि तूर केली. घरात गव्हाची पोळी आली. चहासोबत टोस्ट आले. वावरातून थकून आल्यावर भाजी चिरायचा कंटाळा आला की दुकानातल्या फरसाणाची पुडी फुटायची. मटणही वाढलं, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कोणी ठरवून काही बदललं नाही. हळूहळू ताटातली हिरवी भाजी एका कोपऱ्यात सरकली आणि एक दिवस कोपराही रिकामा झाला.

आणि आपण दोघी शेवटी जेवायचो. भाजी संपलेली असायची. गंजाच्या तळाचं तेल पोळीनं पुसून तुम्ही जेवण उरकायच्या आणि त्यातलाही बरा तुकडा माझ्याकडे सरकवायच्या.

यांना यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. चुली वेगळ्या झाल्या, पण भांडण न होता. मला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली. तुमची पल्लवी बारावीनंतर माझ्याकडेच कॉलेजला राहिली. तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी तिला बघायला यायच्या, पिशवीत तूर, वाळवणं, कोथिंबिरीची जुडी घेऊन.

अशाच एका खेपेला मी तुम्हाला नीट पाहिलं. उन्हाळा संपत आला होता. तुम्ही पंख्याखाली बसला होता आणि चेहरा हळदीसारखा पिवळा दिसत होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आंघोळीनंतर मी तुमची साडी धुवायला घ्यायला गेले तर तुम्ही ती माझ्या हातातून ओढून घेतलीत.

"काय लपवता, ताई?"

"काई नाई वो. मूळव्याध आहे. साऱ्याईले असते."

"रक्त जातं?"

तुम्ही मान हलवलीत.

"कधीपासून?"

"कापूस येचाले निंगाला तवापासून."

"म्हणजे दिवाळीपासून? आणि कोणाला दाखवलं नाही?"

"कोणाले दाखवू मंदे? बाजारात एकानं पुडी देल्ली, थे खाल्ली. घरच्याईसोबत जाऊ का डॉक्टरकडे? अन् तेथं सांगू का, का माह्या खालून रक्त जाते?"

तुम्ही हे इतक्या हळू बोललात की मला जवळ यावं लागलं. घरात आपण दोघीच होतो, तरीही.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला यवतमाळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं आणि लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं, तुकडा काढून तपासायला दिला. मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटाला गाठ होती. कॅन्सर.

घरी येताना ऑटोत तुम्ही दवाखान्याचे कागद मांडीवर धरून बसलात. मग म्हणालात, "मंदे, वांग्यानं झालं का?"

"नाही हो."

"मंग मिरचीच्या ठेच्यानं?"

"नाही, ताई."

"बाजारातल्या भज्यानं असन. थ्या तेलाचा रंग पाह्यला व्हता ना तू?"

लोहारा येईस्तोवर तुम्ही आयुष्यभर खाल्लेलं एकेक आठवून विचारत राहिलात. शिळी पोळी, लोणचं, मटण, टोस्ट. जणू घरात चोरी झाली होती आणि चोर घरातलाच होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मला कळत होतं की तुम्ही चोर शोधत नव्हता. तुमचा हात कुठे चुकला ते शोधत होता. कारण आपल्या घरात जेवण तुमच्या हातचं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्याला समोर बसवून समजावलं. खाण्याचा वाटा असतो, म्हणाले. भाजी, कडधान्यं, भरड धान्य कमी झालं, लाल मांस वाढलं, वजन वाढलं, तंबाखू, दारू असली तर त्या सगळ्याचा. पण एका पदार्थावर बोट ठेवता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "माहेरी कोणाला असं काही?"

तुम्ही म्हणालात, "बाबा गेले तवा पोट फुगलतं. लोक करणी म्हणत. काकाले रक्त जाये. थो तं चाळिशीतच गेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काही घराण्यांमध्ये हा धोका रक्तातूनच पुढे येतो, असं त्यांनी सांगितलं. तसं असेल तर खाणं कितीही चांगलं असलं तरी जोखीम जास्तच राहते.

मी न राहवून विचारलं, "आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं एकच खाल्लं, डॉक्टर."

ते म्हणाले, "एका वावरात एकच बी पेरलं तरी सगळी झाडं सारखी येतात का?"

तुम्ही लगेच म्हणालात, "येतात ना, डॉक्टरसायेब. नाई आली तं आमी दुकानदाराले धरतो. आता मी कोणाले धरू?"

डॉक्टर हसले. मीही हसले. तुम्ही नाही हसलात. तुमच्या ध्यानात आलं होतं की बी तुमच्यापर्यंत येऊन थांबलेलं नाही. दारातून बाहेर पडता पडता तुम्ही वळलात आणि विचारलंत, "म्हणजे माह्या पोरीले?"

"तिची तपासणी करावी लागेल," ते म्हणाले. "लवकरच. आणि मग ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा."

आधी किरणं, मग ऑपरेशन. आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकल्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची वाट काढावी लागली आणि त्यावर पिशवी बसली, कायमची. ते तांबडं, टमाट्याच्या फोडीसारखं ओलं तोंड पहिल्यांदा दिसलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे मान वळवलीत. दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "जेवलंच नाई तं भरन कायले?" असं म्हणायच्या. मी चिडले, विनवलं. शेवटी पल्लवीनं मऊ वरणभात कालवला, तुमच्या तोंडापुढे घास धरला आणि म्हणाली, "आई, मले लहानपणी तू अशीच चारे ना? मी थुकलं तं मारे. आता मी मारीन." तुम्ही घास घेतलात.

त्यानंतरचे महिने तुम्ही माझ्याकडे लोहाऱ्याला होता. तुमच्याबद्दल मला सगळ्यात जास्त कळलं ते याच काळात. पिशवी बदलताना आधी मीच गोंधळायचे, तुम्ही नाही. थोड्याच दिवसांत तुम्ही मला हात लावू देईना झालात. "हे माह्यं आहे. मीच पाह्यन." कोबी खाल्ला की पिशवी फुगते, पोपटाच्या शेंगांचे दाणे खाल्ले की त्याहून जास्त, दही मानवतं, हे तुम्ही स्वतःवर खाऊन बघून ठरवलंत. किमोच्या सलाईननंतर तोंडाला चव नसायची तेव्हा लिंबू चोखायच्या. बोटं सुन्न व्हायची, थंड पाण्याला हात लावता यायचा नाही. तरी भाजी निवडायला बसायच्याच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तुम्हाला शेजारी घेऊन गेले. बाया गोल करून बसल्या होत्या. मध्येच तुमच्या पोटावरून मोठा आवाज आला. कोणी पाटाकडे बघतंय, कोणी पंख्याकडे. तुम्ही शांतपणे पदर सारखा केलात आणि म्हणालात, "मी नाई बोलली. हे बोललं. याले मी किती बी दाबलं तरी आयकत नाई." एक हसली आणि मग सगळ्याच. आणि मग तुम्ही त्यांना सांगितलंत. आतड्याचं ऑपरेशन म्हणजे काय, पिशवी कशी असते, रक्त कधीपासून जात होतं, आपण पुड्या कशा खात बसलो. हळदीकुंकवात असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही भेटेल त्या बाईला चहाच्या आधी विचारायच्या, "सकाळी साफ होते का? रक्त-बिक्त तं नाई ना?" लोक आधी लाजले, मग लपतछपत तुमच्याकडे येऊ लागले.

गावी परत गेल्यावर तुम्ही मोठ्या भाऊजींना म्हणालात, वावराच्या धुऱ्याजवळच्या पट्ट्यात ज्वारी पेरा.

"डुकराईसाठी?" ते म्हणाले.

"डुकरं खातीन, पाखरं खातीन. उरलं तं माही पोट्टी खाईन."

आणि तुम्ही खरोखर वावरात जाऊन, पोटावर पिशवी बांधून, बाभळीखाली बसून टिनाचा डबा वाजवत राखण केलीत. भाऊजी आधी चिडले, मग डबा त्यांनी घेतला. त्याच वर्षी त्यांचा तंबाखूचा खर्राही सुटला. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नव्हता, असं ते तेरवीच्या दिवशी मला सांगत होते.

ज्वारी थोडी निघाली. गंमत अशी की भाकर तुम्हालाच पचेना, पोट गच्च व्हायचं. मऊ शिजवलेल्या कण्या तेवढ्या चालायच्या. भाकरीचं पीठ तुम्ही माझ्याकडे पल्लवीसाठी पाठवलंत. मी म्हटलं, "ताई, ज्वारीनं रक्तातलं जात नाही."

"मले समजते ते," तुम्ही म्हणालात. "जात नाई. पण मायच्या हातून काईतरी चांगलं गेलं पाह्यजे ना तिच्या पोटात."

त्या संध्याकाळी मी त्या पिठाची भाकर थापली.

आता त्या भांडणाकडे येते. ते अजून संपलेलं नाही, ताई. निदान माझ्याकडून तरी.

पल्लवीची तपासणी पुढे पुढे जात होती. आधी तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा, मग नोकरी, मग तुमची किमो. त्यात मुकुटबनचं स्थळ आलं. घरची शेती, मुलगा तालुक्याच्या गावी नोकरीला, माणसं साधी. बघण्याचा कार्यक्रम गावी झाला. मुलगा-मुलगी बाहेर ओट्यावर बोलली आणि दोघांचे चेहरे बघून मला कळलं की जमलं. मी आत येऊन तुम्हाला कोपऱ्यात घेतलं.

"आता मधे काही बोलू नका, ताई. लग्न होऊ द्या. मग तपासणी करता येईल, मग सांगता येईल."

"कोणाले?"

"तिच्या नवऱ्याला. हळूहळू."

"अन् ती दर खेपीले दवाखान्यात जाईन थे काय सांगून? मायले भेटाले जातो म्हणून?"

"जग कसं आहे तुम्हाला माहीत नाही का? मुलीला खोट लागेल."

"खोट पोटात असली तं पाहू," तुम्ही म्हणालात. "तोंडात नोको."

आणि तुम्ही चहाचा ट्रे घेऊन आतल्या खोलीत मुलाच्या आईकडे गेलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही त्यांच्या समोर बसलात, जमिनीवर, आणि अगदी सरळ सांगितलंत. मला आतड्याचा कॅन्सर झाला. माझ्या बापाला होता, काकाला होता. पोरीला येईलच असं नाही, पण येऊ शकतो. तिला तपासत राहावं लागेल. लवकर सापडलं तर बरं होतं, मला उशिरा सापडलं. तुम्ही पदर बाजूला करून पिशवीसुद्धा दाखवलीत. "हे पाहा. मी लपवलं म्हणून हे आलं. माह्या पोरीनं काई लपवू नये. तुमाले चालन तं बोला."

त्या बाईंनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. त्या म्हणाल्या, "तुमी खरं बोलल्या, बरं केलं." आणि आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

पल्लवी चार दिवस कोणाशी बोलली नाही. मी तुम्हाला फोन केला आणि जे बोलले ते बोलले. तुम्हाला तुमचं मन हलकं करायचं होतं आणि त्याचा भार लेकीच्या डोक्यावर दिलात, असं म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत. "झालं तुह्यं?" म्हणालात आणि फोन ठेवलात. त्यानंतर पूर्ण पावसाळा आपण एकमेकींशी बोललो नाही. पल्लवी मधे निरोप्यासारखी ये-जा करायची. "आई विचारून राह्यली, काकूचा खोकला गेला का?" "सांग तिला, गेला."

मी अजूनही म्हणते, थोडं थांबायला हवं होतं. पहिल्याच भेटीत, चहाच्या कपासोबत हे सांगायचं नसतं. तुम्ही म्हणायच्या, दुसऱ्या भेटीत सांगितलं असतं तर ती फसवणूक झाली असती. आपल्या दोघींचं म्हणणं तिथेच अडलं, पुढे गेलंच नाही.

पल्लवी मात्र पुढे गेली. एक दिवस शाळेतून आले तर ती म्हणाली, "काकू, आता तं साऱ्याईले माहीतच आहे. मंग दुर्बीण करूनच टाकू." लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून तिची भीतीही अर्धी झाली होती. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते औषध पिताना तिनं नाक दाबलं आणि बाथरूमच्या वाऱ्या करता करता तुमच्यावरच चिडली. तपासणीच्या दिवशी तुम्ही गावाहून आलात. पावसाळ्यानंतर आपण पहिल्यांदा भेटलो, दवाखान्याच्या बाकावर. माझ्या शेजारी बसलात आणि पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवलात. "सकाळपासून काई खाल्लं नसन तू."

तिच्या आतड्यात मांसाचा एक छोटा कोंब निघाला. तो त्यांनी तिथल्या तिथे काढला आणि तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पण असे कोंब पुढे जाऊन कधी कधी तिकडे वळतात, म्हणून दरवर्षी बघत राहायचं, असं सांगितलं. पल्लवी गुंगीतच होती. तुम्ही डॉक्टरांना दोनदा विचारलंत, "काढला ना? सारा काढला?" मग बाहेर येऊन भिंतीला टेकलात आणि डोळे मिटून घेतलेत. मी "ताई" म्हटलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "बोलू नोको. मले हे आयकू दे." डॉक्टरांचं ते 'सारा काढला' अजून तुमच्या कानात असावं.

त्यानंतरची दोन वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे तुम्ही रागावायच्या, राबायच्या, लग्नाला जायच्या, पंगतीत बसायच्या आणि जिलबी खायच्या. पुढे काही दुखत-खुपत नसताना वजन उतरू लागलं. यकृतात पसरलं होतं. पुन्हा किमो, मग डॉक्टरांनी हात जोडले, आता त्रास कमी करण्याचंच बघू. तुम्ही विचारलंत, "मंग आता पथ्य नाई ना?" ते म्हणाले, मनाला येईल ते खा.

तुम्ही ठेचा मागितलात. जिभेच्या टोकावर घेतलात, डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणालात, "ह्या मिरचीनं काई केलं नाई गं. उगाच बदनाम." त्या सकाळी तुम्ही मला आणखी एक गोष्ट सांगितलीत. "मंदे, आता तरी मले अवोजावो करू नोको. तू म्हण." मी तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं झालं नाही. तुम्ही हसलात आणि डोळे मिटलेत. आताही हे लिहिताना एकदा 'तू' लिहून पाहिलं. खोडलं. माझ्या तोंडी तुमच्यासाठी दुसरा शब्द नाहीच. आणि तुम्हाला धन्यवाद म्हणायचंही राहून गेलं. भाकरीसाठी, पल्लवीसाठी, त्या गंजातल्या बऱ्या तुकड्यासाठी. आपल्या घरात असं म्हणायची रीत नाही, म्हणून राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा दुपार होती. अंगणात तूर वाळत होती. पल्लवी तुमच्या पायाशी होती आणि भाऊजी बाहेर पाखरं हाकत होते.

आज हे लिहायला बसले ते कालच्या आणि आजच्या गोष्टीसाठी.

काल दुपारी माझ्या लोहाऱ्याच्या दारात एक बाई उभी. "मुकुटबनची मी. ओळखलं का?" मी ओळखलं. तुम्ही गेल्याचं त्यांना बाजारात कळलं होतं. बसल्या, तुमच्याबद्दल चार शब्द बोलल्या. त्यांच्या मुलाचं लग्न झालं आहे. चहा झाला तरी उठेनात. मी भांडी आत न्यायला उठले तर त्याही माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"माह्या बी खालून रक्त जाते," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले. घरी कोणाले सांगू? तुमच्या जाऊबाईनं थे दाखवलं व्हतं ना पोटावरचं, थे माह्या डोयापुढून जातच नाई. त्याईलेच इचाराले येणार व्हती मी. आता..."

माझ्या मनात काय काय आलं ते तुमच्यापासून कशाला लपवू? पल्लवीचे ते चार दिवस आठवले. न मागितलेली पत्रिका आठवली. नळ सोडून मी उगाच कप विसळत राहिले. मग हात पुसले आणि विचारलं, "उद्या सकाळी येता का? मी रजा टाकते."

आज आम्ही त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नाव पुकारलं तेव्हा मुकुटबनच्या बाईंनी माझं मनगट धरलं, "तुमी बी चला ना आत." मी आत गेले आणि त्यांच्या डोक्याशी उभी राहिले. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळव्याधच दिसते आहे, पण तुमचं वय बघता दुर्बीण करूनच घेऊ, पुढच्या आठवड्यात या. त्या बाई टेबलावरच उठून बसल्या आणि रडू लागल्या. थोड्या वेळानं जिन्यावरून उतरताना मधेच थांबल्या.

"तुमची पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. तिच्या पोटात छोटा कोंब निघाला होता, तो काढला. दरवर्षी तपासून घेते. यवतमाळलाच नोकरी करते."

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "तिले सांगजा..." म्हणाल्या आणि पुढचं त्यांना सापडेना. मी वाट पाहिली. "सांगजा, मी येऊन गेलती म्हणून."

सांगते, म्हटलं.

तुम्हाला आधी सांगितलं, ताई. पल्लवीची यायची वेळ झाली आहे. आता तिला सांगते.